बीबीच्या लग्नातलं वरण

नागपूर, ११ डिसेंबर

आज परिषदेत बोललो. सामूहिक भोजन व्यवसाय विधेयकावर. लग्न, भंडारा, मेळावा, जिथे तीनशेच्या वर पानं होतील तिथे मुख्य आचाऱ्याला परवाना लागेल. परवान्यासाठी दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र. परवाना नसेल तर भांडी जप्त. हे सगळं खंड सातमध्ये आहे.

मी म्हणालो, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव बायांचे गट आहेत. लग्नाचा स्वयंपाक करून त्यांची घरं चालतात. त्यांच्यातली दहावी पास मला शोधून दाखवा. जानेफळच्या सिंधूताईंचं नाव घेतलं. शेवटी म्हणालो, "या बायांच्या हातचं जेवून आम्ही मोठे झालो." समोरच्या बाकांवरूनही दाद आली.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीत माझं नाव आहे.

चहा घेताना आठवलं की सिंधूताईंच्या हातचं मी कधी जेवलेलो नाही. दोन-तीन लग्नांत त्यांचा स्वयंपाक होता. मी अक्षता टाकून निघालो. मला पोटाचा त्रास आहे, बाहेरचं चालत नाही. वाक्य मात्र चांगलं झालं होतं.

मेहकर, २१ डिसेंबर

गणेश माझा स्वीय सहायक. त्याने भाषणाचा तुकडा मोबाईलवर फिरवला. "सर, जिकडं तिकडं तुमीच चालून राह्यले," म्हणाला. जालन्यापर्यंतच्या आचाऱ्यांचे फोन आले.

मी पदवीधर मतदारसंघाचा आमदार आहे. या लोकांपैकी कोणी माझा मतदार नाही. मतासाठी बोललो नाही, याचं बरं वाटलं.

माझ्या बायकोचे, राखीचे भाऊ राजकुमार जेवायला होते. त्यांची मेहकरात संगणक शिकवण्याची संस्था आहे. हल्ली मुलं येत नाहीत. त्यांनी विचारलं, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सरकारी असणार की खाजगी. मी म्हणालो, समितीचं काम गोपनीय असतं. राखीने त्यांना आणखी एक पोळी वाढली. म्हणाली, "घरात कायचं गोपनीय?"

मुंबई, २० जानेवारी

समितीची पहिली बैठक. मंत्री समितीचे प्रमुख आहेत. माणूस मृदू आहे.

हिवरा आश्रमाच्या उत्सवात प्रमाणपत्राशिवाय लाखभर पानं होतात, ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढतात, हे मी सांगितलं. कोणाला खरं वाटेना. मी जरा जोरात म्हणालो, "अहो, मग हे दहावीचं काऊन पाह्यजे?" 'कशाला'च्या जागी 'काऊन' तोंडून निघून गेलं. वर्गात पंचवीस वर्षं मराठी शिकवताना असं कधी झालं नव्हतं. पुण्याच्या सदस्या हसल्या. वाईट हेतूने नव्हे. "किती गोड वाटतं हो ऐकायला," म्हणाल्या. दोघांनी 'काऊन' म्हणून पाहिलं.

त्यानंतर बैठक संपेपर्यंत मी फारसं बोललो नाही. जे बोललो ते आधी मनात लिहून घेतलं.

मेहकर, ८ फेब्रुवारी

जानेफळला गेलो. सिंधूताई अवसरमोल यांचं घर बुद्धविहाराच्या मागे आहे. अंगणात रांधायचे मोठे गंज उपडे घातलेले. प्रत्येकावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं. गटातल्या बाया जमल्या होत्या. सिंधूताईंची मुलगी पायल मी शिकवलेल्या शेवटच्या वर्गात होती. तिने खुर्ची पुसून दिली.

"या सर," सिंधूताई म्हणाल्या. "मोबाईलवर पाह्यलं तुमाले. आमच्या हातचं जेवून मोठे झाले म्हने!"

केसरबाई त्यांची जोडीदारीण. ती म्हणाली, "आमाले तं मालूमच नोयतं. कवा जेवले हो सर?"

सगळ्या हसल्या. सिंधूताई म्हणाल्या, "गप वं केसर. मोठ्या मानसाले पोटाचा तरास असते."

मीही हसलो. चहा आला. मी म्हणालो, आत्ताच घेऊन आलो. पायलने कप परत नेला.

समितीसमोर येऊन साक्ष द्या, असं मी सिंधूताईंना सांगितलं. तुमचं काम तुम्हीच सांगा. त्या तयार होईनात. बोलता बोलता केसरबाईने बीबी गावच्या एका लग्नाची गोष्ट काढली. सिंधूताईंनी तिला डोळ्यांनी दटावलं, पण मी ऐकायचा हट्ट धरला.

मे महिन्यातलं लग्न. मुहूर्त बाराचा, म्हणून मालकाने पहाटेच रांधायला लावलं. वरात आली तीन वाजता. सिंधूताईंनी वरणाचं झाकण काढलं तर फेस.

"मंग?" मी विचारलं. तिथे असं बोलायला मला काही वाटत नाही.

"मंग काय. नेऊन ओतलं उकिरड्यावर. पुरा गंज. वरमाय बोंबलून राह्यली. मालक म्हने, वरतून फोडणी मार, कोनाले समजते? म्या म्हटलं, पोटाले समजते. दुसरं टाकलं. पंगत बसली पाच वाजता. त्या घरानं मंग कवाच बोलावलं नाही."

मला ती गोष्ट फार आवडली. म्हणालो, "हेच सांगा समितीला."

"हे काऊन सांगाव? नाव खराब होते."

"उलट. यातच तुमचा प्रामाणिकपणा दिसतो."

त्या बराच वेळ हातातलं फडकं पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमी म्हनता तं सांगतो. तुमी हाय ना तिथं?"

"आहे ना," मी म्हणालो.

मुंबई, ११ मार्च

साक्षी झाल्या. सकाळी मोठ्या केटरिंगवाल्यांची संघटना आणि प्रशिक्षण संस्थांचे लोक. त्यांच्याकडे पडद्यावर दाखवायची चित्रं होती. दुपारनंतर सिंधूताई. गणेश त्यांना आणि पायलला समृद्धी महामार्गाने घेऊन आला होता. सिंधूताई नवं लुगडं नेसल्या होत्या. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या.

सुरुवात चांगली झाली. मग त्यांनी बीबीची गोष्ट सांगितली. मी मान हलवून धीर देत होतो.

पुण्याच्या सदस्याबाईंनी विचारलं, "म्हणजे अन्न नासतं?"

"नासते ना बाई. उन्हाळा असते. तुमच्या घरी नाही नासत?"

लोक हसले.

"मग ते नासलंय हे तपासता कसं?"

"जिभीवर ठेवतो."

पुन्हा हसले. या वेळी जास्त. मीही हसलो. हसताना सिंधूताईंची नजर माझ्याकडे आली. त्याही हसल्या. मी हसतोय म्हणजे बरं चाललंय, असं त्यांना वाटलं असावं.

"शिक्षण?"

"सातवी."

"आणि उद्या कोणाला विषबाधा झाली, तर जबाबदार कोण?"

"मीच," सिंधूताई म्हणाल्या. "दुसरं कोन राह्यन?"

मंत्र्यांनी आभार मानले. बाहेर व्हरांड्यात सिंधूताईंनी मला विचारलं, "बराबर बोलली ना सर मी?"

मी म्हणालो, उत्तम. पायल माझ्याकडे पाहत होती. तिला मराठीत चांगले गुण असायचे.

मुंबई, १६ एप्रिल

अहवालाचा मसुदा वाटला. परिच्छेद एकोणीस उतरवून ठेवतो.

"जानेफळ (जि. बुलढाणा) येथील साक्षीदारांनी स्वतः मान्य केले की, त्यांनी शिजविलेले अन्न खराब होण्याचे प्रकार घडले असून, तपासणीची कोणतीही शास्त्रीय पद्धत अवलंबिली जात नाही. सबब, खंड ७ मधील अर्हता आवश्यक असल्याचे समितीचे मत झाले आहे."

दोनदा वाचलं. वाक्यात चूक काढता येत नाही.

मंत्री म्हणाले, "सर, तुमच्या त्या बाईंची साक्ष फार उपयोगी पडली. नाहीतर दहावीचं समर्थन करणं अवघड होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी एकच वाक्य पुरेसं होतं. ते वरण कोणाच्याही ताटात गेलं नव्हतं. एवढंच. ते मला येत होतं. पण ते म्हणायचं तर हेही म्हणावं लागलं असतं की ती गोष्ट सांगायला मीच भाग पाडलं, आणि तिचं पुढे काय होईल हे मला कळलं नाही. मी म्हणालो, "हो, स्पष्टवक्त्या आहेत."

पुढचा परिच्छेद घेतला. सध्याच्या आचाऱ्यांना दोन वर्षांची मुदत. मंत्री म्हणाले, प्रशिक्षण संस्था उभ्या राहायला तेवढा वेळ लागेलच.

मेहकर, ३ मे

समितीचं मत पटलं नाही तर सदस्याला अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येते. परवा शेवटचा दिवस. आज लिहिली. चार पानं झाली. बीबीच्या लग्नाचं वर्णन साधलं आहे. फेस, उकिरडा, वरमाय, सगळं.

मेहकर, ४ मे

राजकुमार आले. राखी म्हणाली, "दादानं हॉल भाड्यानं घेऊन ठेवला. आता दहावी बिहावी काढून टाकान तं शिकाले कोन येईन?"

मी म्हणालो, याचा त्याच्याशी संबंध नाही.

पत्रिका पुन्हा वाचली. जरा भावनिक वाटली. समितीत कोण हसेल हेही डोळ्यांसमोर आलं.

मेहकर, ५ मे

पाठवली नाही. त्यात आणखी काम व्हायला हवं होतं.

मुंबई, १० जुलै

विधेयक मंजूर झालं. परिषदेत पाच मिनिटं. मी बोललो नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा तो मी वर केला. अहवालाखाली माझी सही असताना दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी गणेशने विचारलं, "सर, पेपरले काय देऊ?"

"दोन वर्षांची मुदत मिळाली असं दे."

त्याने लिहिलं: आमदारांच्या लढ्याला यश, आचारी महिलांना दिलासा. मला वाचून दाखवलं. मी 'लढ्याला'च्या जागी 'प्रयत्नांना' करायला सांगितलं.

मेहकर, २७ जुलै

आज जानेफळला माझा सत्कार झाला.

गणेशने चार दिवसांपूर्वी सांगितलं, बायांनी ठरवलंय, नाही म्हणू नका. ग्रामपंचायतीसमोर मंडप. गावातले प्रतिष्ठित, आजूबाजूच्या गावांतले आचारी, बायांचे गट. माझं ते नागपूरचं भाषण ध्वनिक्षेपकावर लावलं होतं. 'या बायांच्या हातचं जेवून आम्ही मोठे झालो.' दोनदा लावलं.

शाल, श्रीफळ झालं. मग सिंधूताई आणि केसरबाई दोघींनी मिळून पितळेचा एक गंज आणला. नवा, कल्हई केलेला. त्यावर ठिपक्यांनी नाव घातलं होतं. 'मा. आमदार शेखर सर यांना. आचारी बायांकडून सप्रेम.' जड होता. घेताना माझे हात खाली गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पायल पाण्याचा ग्लास घेऊन आली. हळू म्हणाली, "सर, मी कायदा वाचला. राजपत्रातला."

मी ग्लास घेतला.

"दोन वर्षांनी कलम सात, दहावीचं, लागू होणार. आमच्या गटात दहावी कोणीच नाही. बायांना वाटतंय तो कायदाच गेला." ती वर्गात प्रश्न विचारायची तशीच उभी होती. "आईला अजून सांगितलं नाही. अहवाल पण वाचला, सर. एकोणिसावा परिच्छेद. ते पण नाही सांगितलं. तुम्ही सांगता का?"

"सांगतो," मी म्हणालो. "आज नको. बघ ना, किती आनंदात आहेत."

मग माईक दिला. मी म्हणालो, "हे यश माझं नाही, तुमचं आहे." पुढे काय बोललो आठवत नाही. टाळ्या होत्या.

मागे पंगतीची तयारी झाली होती. वांग्याची भाजी, रोडगे, वरण. सिंधूताई वाटेत आल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "आज तरी जेवून जा, सर."

'आज तरी.' म्हणजे त्यांनी डिसेंबरपासून ते मनात ठेवलं होतं, आणि तरी हा मंडप घातला होता.

मी म्हणालो, हिवऱ्याला एक कार्यक्रम आहे. कार्यक्रम नव्हता. गणेशने गाडी काढली. गंज मागच्या सीटवर होता. वळणावर तो दाराला आपटत होता.

मेहकर, १५ ऑगस्ट

राजकुमारांच्या संस्थेला आचाऱ्यांचं प्रमाणपत्र द्यायची मान्यता मिळाली. जिल्ह्यातली पहिली. आज झेंडावंदनानंतर मी फीत कापली. मी कोणाला फोन केला नव्हता. मान्यता देणाऱ्या विभागाच्या सचिवांनी एकदा विचारलं होतं, तुमच्या ओळखीचे का. मी हो म्हणालो. खरं तेच सांगितलं.

राजकुमार म्हणाले, "दाजी, त्या जानेफळच्या बाया मी प्रात्यक्षिकाले बोलावतो. पोरांले शिकवतीन. शिकवाले परवाना लागत नाही. पाह्यलं मी."

राखी म्हणाली, "पाहा, केली ना सोय."

पेढा तोंडात होता.

मेहकर, ३१ ऑगस्ट

पायलचा फोन आला होता. गणेशने सांगितलं, साहेब बैठकीत आहेत. मी शेजारच्या खोलीत होतो. गणेश नंतर म्हणाला, "सर, माही मामी पन त्याच गटात हाय." एवढंच म्हणाला आणि डाक उघडत बसला.

मेहकर, ७ सप्टेंबर

एकटा जानेफळला गेलो. गाडी स्वतः चालवली. गंज बरोबर घेतला.

विहारात वर्षावासाचा, पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाचा, कार्यक्रम होता. मागच्या पत्र्याखाली चुली पेटल्या होत्या. सिंधूताई पुऱ्या तळत होत्या. मला पाहून उठू लागल्या. मी म्हणालो, बसा. केसरबाईने पिठाचं पोतं सरकवलं. त्यावर बसलो.

सांगितलं. कायदा गेलेला नाही. दोन वर्षांनी दहावीची अट लागेल. परवाना नसेल तर भांडी नेतील. बीबीची गोष्ट अहवालात कशी आली तेही सांगितलं. शब्द जमवून बोलत होतो, तरी सगळं सांगितलं.

सिंधूताईंनी झाऱ्याने पुऱ्या काढल्या, नव्या सोडल्या.

"म्हनजे आमचं नाव टाकून लिहिलं? आमी नासकं खाऊ घालतो म्हनून?"

"नाव नाही. गावाचं नाव आहे."

"तेच झालं." तेल तडतडत होतं. "ते ओतून देल्लं, हे नाही लिहिलं?"

"नाही."

"तुमी होते ना तिथं?"

"होतो."

"मंग?"

मी चुलीकडे पाहिलं. मग केसरबाई म्हणाली, "राहू दे वं. जळून राह्यल्या पुऱ्या."

लाटणाऱ्या बायांचे हात थांबले होते. ते पुन्हा सुरू झाले. पायल भिंतीशी पत्रावळी मोजत होती. तिने मान वर केली नाही.

मी गाडीतून गंज आणला. म्हणालो, "हा माझ्याकडे शोभत नाही. तुम्ही ठेवा. वापरात येईल."

सिंधूताईंनी गंज पाहिला. ओल्या बोटाने नावावरून हात फिरवला.

"नाव घातलं ना त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "लोकं विचारतीन, सरांचा गंज तुमच्याकडं काऊन. मी काय सांगू? घेऊन जा. आमी देल्लं ते देल्लं."

धम्मवंदना संपली. पंगत बसली. लोक माझ्या बाजूने जाऊन बसत होते. काहींनी जयभीम घातला, काहींनी नमस्कार. सिंधूताई वाढायला उठल्या. वरणाचा वास आला, भूकही लागली होती. मी उभा राहिलो. मला कोणी बसा म्हणालं नाही. थोड्या वेळाने निघालो.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. राखी दारातल्या ओट्यावर होती. गंज पाहून म्हणाली, "हा कुठं फिरवून राह्यले? जानेफळच्या त्या बायांचा ना हा?"

"हो. घरात वापरू."

तिने कडी धरून तो उचलला आणि आत गेली. स्वयंपाकघरातून सरळ मागच्या पडवीत. तिथे फळीवर गड्यांची ताटं आणि पेले वेगळे ठेवलेले असतात. त्यांच्याशेजारी तिने गंज ठेवला. नाव भिंतीकडे केलं.

मी दारात उभा होतो. सगळं पाहिलं.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

मी म्हणालो, ठेव.